‘आय’ आणि ‘जे’ एकच अक्षर मानणारा डॉक्टर जॉन्सन, आणि डेटाबेसला आजही पडणारा तोच प्रश्न

15 एप्रिल 1755. लंडनच्या पुस्तकबाजारात एक डिक्शनरी विक्रीला आली. दोन अवाढव्य खंड, 42,773 शब्द आणि किंमत साडेचार पौंड. त्या काळात साध्या माणसाची हे पुस्तक हातात घेऊन बघायचीही ऐपत नव्हती.

समजा तुम्ही ती विकत घेतली आणि त्यात ‘जॅम’ हा शब्द शोधायला बसलात. आजच्या सवयीनं तुम्ही आधी ‘आय’ची सगळी पानं उलटून पुढे ‘जे’कडे जाल. तिथं काहीच सापडणार नाही, कारण या डिक्शनरीत ‘जे’ला स्वतंत्र जागाच नाही. ‘जॅम’ आहे ‘आइस’च्याही आधी. ‘आइस’ आणि ‘आयडल’ संपले की मग ‘जेलस’ येतो. पुढं ‘जॉइन’ झाला की ‘आयर्न’ आणि त्यानंतर ‘जज’.

वाचताना गोंधळ उडतो, पण यात एकही चूक नाही. डिक्शनरी करणाऱ्या माणसानं ‘आय’ आणि ‘जे’ ही दोन्ही एकच अक्षरं धरली होती. पहिलं अक्षर सारखंच म्हटल्यावर निकाल दुसऱ्या अक्षरावर लागणार. ‘जॅम’मधलं दुसरं अक्षर ‘ए’, ‘आइस’मधलं ‘सी’. म्हणून जॅम पुढं. ‘यू’ आणि ‘व्ही’चंही तेच. त्याच्या हिशोबात ‘व्हेरी’ आधी, मग ‘अग्ली’, मग ‘व्हाइस’.

तो माणूस म्हणजे सॅम्युअल जॉन्सन. आपल्याकडं शंभर-दीडशे वर्षांपूर्वी शिकलेल्या प्रत्येकाला ‘डॉक्टर जॉन्सन’ माहीत असायचा. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी ‘निबंधमाले’त त्याच्यावर लांबलचक निबंध लिहिला. जॉन्सनच्या ‘रासेलस’ या कथेचं मराठी भाषांतर त्यांचे वडील कृष्णशास्त्री यांनी सुरू केलं होतं, ते विष्णुशास्त्र्यांनी पुरं केलं. म्हणजे गडी पुण्याला ओळखीचा होता.

आता तुम्ही म्हणाल, अडीचशे वर्षांपूर्वीच्या डिक्शनरीचा आणि आपला काय संबंध? तर तुमच्या फोनमधली काँटॅक्ट लिस्ट, बँकेतली खातेदारांची नावं, कॉलेजची मेरिट लिस्ट, हे सगळं कुठल्या ना कुठल्या डेटाबेसमध्ये असतं. आणि दोन शब्दांपैकी आधी कोण, नंतर कोण, आणि कोणते दोन शब्द मुळात ‘सारखे’ मानायचे, हा जॉन्सनपुढचा प्रश्न डेटाबेससमोर सेकंदाला हजारो वेळा येतो.

पण आधी माणूस बघू.

जॉन्सन जन्मला 1709 मध्ये, इंग्लंडमधल्या लिचफिल्ड गावात. वडील मायकेल पुस्तकविक्रेते. घरात पुस्तकं भरपूर, पैसा कमी. तान्हेपणीच त्याला गंडमाळा झाल्या आणि त्यात एक डोळा जवळजवळ निकामी झाला. राजा-राणीनं स्पर्श केला की हा रोग बरा होतो, अशी तेव्हाची समजूत. म्हणून 1712 मध्ये आईनं त्याला लंडनला नेऊन राणी ॲनचा हात लावून आणला. रोग काही गेला नाही. चेहऱ्यावरचे व्रण जन्मभर राहिले. अंगाला झटके देण्याची, विचित्र हातवारे करण्याची सवयही होती. आजचे डॉक्टर त्याला टुरेट सिंड्रोम असावा असं म्हणतात.

1728 मध्ये तो ऑक्सफर्डला गेला. तेरा महिन्यांत पैसे संपले आणि डिग्री न घेताच परत आला. पंचविसाव्या वर्षी त्यानं एलिझाबेथ पोर्टर या विधवेशी लग्न केलं. ती वीस वर्षांनी मोठी. तिच्या पैशातून शाळा काढली, ती मोजक्या विद्यार्थ्यांअभावी बंद पडली. त्यातला एक विद्यार्थी डेव्हिड गॅरिक. 1737 मध्ये हे गुरु-शिष्य नशीब काढायला एकत्रच लंडनला निघाले. गॅरिक पुढं इंग्लंडचा सगळ्यात मोठा नट झाला. जॉन्सन मात्र मासिकांसाठी पडेल ते लिहून पोट भरत राहिला.

अशी नऊ वर्षं गेली. जून 1746 मध्ये लंडनच्या काही पुस्तकविक्रेत्यांनी मिळून त्याच्याशी करार केला. काम होतं इंग्रजी भाषेची मोठी डिक्शनरी करायचं. मोबदला 1,575 पौंड, पण कागद, जागा आणि कारकुनांचे पगार त्यातूनच. मुदत किती, तर जॉन्सननं स्वतःच सांगितली तीन वर्षं. फ्रेंच अकादमीच्या चाळीस सदस्यांना त्यांच्या डिक्शनरीसाठी अर्ध्या शतकाहून जास्त काळ लागला होता.

लागली जवळपास नऊ वर्षं. का लागली, हे सॉफ्टवेअर डेव्हलपरांनी जरूर वाचावं.

लंडनच्या गॉफ स्क्वेअरमध्ये त्यानं घर भाड्यानं घेतलं आणि वरच्या माळ्यावर कचेरी थाटली. सहा कारकून ठेवले, त्यातले पाच स्कॉटलंडचे. पद्धत अशी की जॉन्सन चांगल्या लेखकांची पुस्तकं वाचायचा, उपयोगी शब्दाखाली पेन्सिलीनं रेघ मारायचा आणि समासात त्या शब्दाचं पहिलं अक्षर लिहायचा. पुस्तक कारकुनाकडं गेलं की तो ते वाक्य उतरवून काढायचा. पुस्तकं बरीचशी मित्रांकडून मागून आणलेली असायची आणि पेन्सिलीच्या रेघोट्यांसकट परत जायची. मित्र खूश नसणार.

इथपर्यंत ठीक. घोळ पुढं झाला. ही वाक्यं चिकटवायला त्यानं आधीच वह्या आखून ठेवल्या होत्या. सुमारे 80 वह्या. त्यांत शब्द वर्णक्रमानं मांडलेले आणि प्रत्येक शब्दापुढं अंदाजानं मोकळी जागा सोडलेली. पण भाषा अंदाजानं चालत नाही. जॉन्सनला एकेका साध्या क्रियापदाचे डझनावारी अर्थ सापडायला लागले. काही शब्दांची जागा दोन दिवसांत भरली, काहींची तशीच कोरी राहिली. मध्ये नवा शब्द आला तर घुसवायचा कुठं? शेवटी साधारण 1750 च्या सुमारास त्यानं ही सगळी पद्धतच मोडीत काढली आणि काम नव्यानं मांडलं. यातलं बरंच लिखाण कागदाच्या दोन्ही बाजूंना होतं, ते छापखान्याला चालेना. एका बाजूवर पुन्हा उतरवून घ्यायला 20 पौंड खर्च आला. मूळ तीन वर्षांची मुदत तर केव्हाच संपली होती.

आजचा डेटाबेस नेमकं हेच टाळतो. लाखो नावांतून एक नाव पटकन मिळावं म्हणून तो ‘इंडेक्स’ नावाची क्रमवार यादी ठेवतो. तीही पानापानांनी बनलेली असते. पोस्टग्रेससारखा डेटाबेस इंडेक्स बांधताना पानात साधारण 10 टक्के जागा मुद्दाम मोकळी सोडतो. तरीही पान भरलंच, तर त्याचे दोन तुकडे करून अर्धी नावं नव्या पानावर हलवतो. बाकीच्या पानांना धक्का लागत नाही. जॉन्सनच्या शिवलेल्या वहीचं पान असं तोडता येत नव्हतं.

पण शब्द क्रमानं लावायचे, तर तो क्रम ठरवला कुणी?

कॉम्प्युटरला अक्षर कळत नाही, आकडा कळतो. मोठा ‘ए’ म्हणजे 65, छोटा ‘ए’ म्हणजे 97. मधे मोठा ‘झेड’ 90 वर. नुसते आकडे बघून लावलं तर मोठ्या अक्षरानं लिहिलेला ‘झेब्रा’ छोट्या अक्षरातल्या ‘ॲपल’च्या आधी येतो. कॉम्प्युटरच्या दृष्टीनं बरोबर, माणसाच्या दृष्टीनं येडेपणा. म्हणून डेटाबेसला वेगळे नियम द्यावे लागतात. त्या नियमांच्या संचाला ‘कोलेशन’ म्हणतात. युनिकोडच्या पद्धतीत ही तुलना फेऱ्यांनी होते. पहिल्या फेरीत फक्त मूळ अक्षर बघायचं. तिथं बरोबरी झाली तर दुसऱ्या फेरीत अक्षरावरच्या खुणा बघायच्या. तरीही बरोबरी असेल तर तिसऱ्या फेरीत लहान-मोठं अक्षर. कोणत्या फेरीनंतर थांबायचं हे कोलेशन ठरवतं. तुम्ही ईमेल आयडी मोठ्या अक्षरांत टाकला तरी काही वेबसाइट तुम्हाला ओळखतात आणि काही ओळखत नाहीत. कधी ती वेबसाइट स्वतःच सगळी अक्षरं लहान करून घेते, तर कधी हा फेऱ्यांचाच खेळ असतो.

या भाषेत सांगायचं तर जॉन्सनच्या डिक्शनरीत ‘आय’ आणि ‘जे’ पहिल्या फेरीत सारखेच होते.

आणि गंमत म्हणजे हे त्याला स्वतःला पटलेलं नव्हतं! त्याच डिक्शनरीत ‘आय’ या अक्षराबद्दल लिहिताना तो सांगतो की एक स्वर आहे आणि दुसरं व्यंजन, आकार वेगळा, उच्चार वेगळा, तेव्हा खरं तर यांना दोन अक्षरं मानणं योग्य. ‘व्ही’पाशीही तोच मुद्दा. पण पूर्वी दोन्ही कामांसाठी एकच आकार वापरला जायचा, ती जुनी रीत चालत आली आहे, म्हणून तोही तशीच पाळतो. लॅटिनमधून आलेली रीत होती ती.

म्हणजे नियम चुकीचा आहे हे कळत होतं, तरी बदलला नाही. का, ते समजायला कुठल्याही चालू सिस्टीमवर काम करणाऱ्या माणसाला विचारा. वाचकांची बोटं त्या क्रमाला सरावलेली होती. क्रम हा वाचक आणि पुस्तक यांच्यातला करार असतो. 1604 मध्ये रॉबर्ट कॉड्रीनं इंग्रजी शब्दांची छोटी डिक्शनरी काढली तेव्हा तर अक्षरांचा क्रम आधी पाठ करा, अशी सूचना वाचकांना सुरुवातीलाच द्यावी लागली होती. एकदा लोकांनी पाठ केलेली गोष्ट हलवायची म्हणजे जोखीम.

ती जोखीम किती मोठी असते हे 2018 मध्ये दिसलं. लिनक्समध्ये जीलिबसी नावाची एक पायाभूत लायब्ररी असते. तिच्या 2.28 या आवृत्तीत अक्षरांच्या क्रमाचे नियम अपडेट झाले. बदल हेतुपुरस्सर होता, सुधारणाच होती. आधी ‘11’ पहिला आणि ‘1-1’ नंतर लागायचा. आता ‘1-1’ पहिला आणि ‘11’ नंतर. एवढ्याशानं काय होतंय?

पोस्टग्रेस डेटाबेस तेव्हा क्रमासाठी बहुतेक वेळा याच लायब्ररीवर विसंबून असायचा. सर्व्हरची ऑपरेटिंग सिस्टीम अपडेट झाली, पण इंडेक्स होता जुन्या क्रमानं लावलेला. नवे नियम घेऊन डेटाबेस जुन्या यादीत शोधायला लागला, म्हणजे आजचा माणूस जॉन्सनच्या डिक्शनरीत ‘जे’ची पानं शोधतो तसं. नोंद टेबलमध्ये असायची, पण इंडेक्समधून सापडायची नाही. सापडली नाही म्हणून तीच नोंद दुसऱ्यांदा टाकता यायची, जरी तो रकाना ‘युनिक’ असला तरी. एरर नाही, इशारा नाही. इलाज एकच, इंडेक्स नव्यानं बांधा.

भाषाही आपले क्रम बदलत असतात. स्पॅनिशमध्ये ‘सीएच’ आणि ‘डबल एल’ ही जोडअक्षरं स्वतंत्र अक्षरं म्हणून वेगळी लावायचे, ते 1994 मध्ये बंद झालं. स्वीडिश शब्दसूचीत ‘व्ही’ आणि ‘डब्ल्यू’ एकत्रच लावले जायचे, ते वेगळे झाले 2006 मध्ये. जॉन्सनचाच प्रश्न, फक्त अडीचशे वर्षं उशिरा. यात एक भारी गोष्ट म्हणजे मायएसक्यूएल हा डेटाबेस मूळ स्वीडिश कंपनीचा. त्यामुळे अनेक वर्षं त्याचं डिफॉल्ट कोलेशन स्वीडिश होतं. ज्यांनी सेटिंग बदललं नाही त्यांच्या याद्या स्वीडनच्या नियमानं लागत होत्या, आणि बहुतेकांना त्याचा पत्ताही नव्हता.

मराठीचं काय? आपल्या वर्णमालेत ‘ळ’ येतो ‘ह’नंतर. युनिकोडमध्ये मात्र त्याचा नंबर ‘ल’च्या लगेच पुढं आहे. त्यामुळे नुसत्या आकड्यांवर लावलं तर क्रम येतो माल, माळ, मावशी, मासा, माहेर. आपल्या क्रमानं हवं तर माल, मावशी, मासा, माहेर, माळ. ‘ज्ञ’ची कथा आणखी वेगळी. तो आपण वर्णमालेत शेवटी म्हणतो, पण कॉम्प्युटरमध्ये ‘ज’, हलन्त आणि ‘ञ’ असे तीन तुकडे मिळून बनतो. म्हणून यादीतला ज्ञानेश्वर शेवटी न जाता ‘ज’च्या रांगेत उभा राहतो. ‘दऱ्या’ तर दोन-तीन वेगवेगळ्या पद्धतींनी टाइप होतो. दिसायला तंतोतंत तोच शब्द, आतले आकडे वेगळे, आणि डेटाबेस म्हणतो हे दोन शब्द सारखे नाहीत. योग्य कोलेशन निवडलं की यातलं बरंचसं सुटतं, पण ते कुणीतरी निवडावं लागतं.

परत गॉफ स्क्वेअरमध्ये जाऊ.

काम रखडलं, पैसे संपत आले. डिक्शनरीचा आराखडा 1747 मध्ये जॉन्सननं लॉर्ड चेस्टरफिल्ड या बड्या सरदाराला उद्देशून लिहिला होता. मदतीची आशा होती. मिळाले दहा पौंड आणि पुढं काही नाही. घरखर्चासाठी 1750 पासून तो ‘रॅम्बलर’ नावाचं नियतकालिक लिहायला लागला, आठवड्यातून दोनदा, दोन वर्षं. मार्च 1752 मध्ये बायको गेली. ती गेल्यावर तो बराच काळ खचलेला होता. जिच्यासाठी हा खटाटोप चालला होता, तिनं ते पुस्तक पाहिलंच नाही.

मग 1754 च्या शेवटी डिक्शनरी आता येणार अशी हवा झाली आणि चेस्टरफिल्डसाहेबांना अचानक पाझर फुटला. त्यांनी एका साप्ताहिकात कौतुकाचे दोन लेख लिहिले. जॉन्सननं फेब्रुवारी 1755 मध्ये त्यांना पत्र पाठवलं. भाषा अत्यंत सभ्य, अर्थ असा की बुडत होतो तेव्हा तुम्ही काठावर उभे होता, आता तुमच्या मदतीची गरज उरलेली नाही. इंग्रजी साहित्यातल्या सगळ्यात गाजलेल्या पत्रांपैकी हे एक.

त्याच महिन्यात ऑक्सफर्डनं त्याला एम.ए. ची पदवी दिली. पंचवीस वर्षांपूर्वी पैशाअभावी सोडून यावं लागलं होतं तेच विद्यापीठ.

डिक्शनरी गाजली. पैसा मात्र करारातला केव्हाच खर्च होऊन गेला होता. पुढच्याच वर्षी 5 पौंड 18 शिलिंगांच्या कर्जापायी जॉन्सनला अटक झाली आणि कादंबरीकार सॅम्युअल रिचर्डसननं पैसे पाठवले तेव्हा तो सुटला. 1759 मध्ये आई वारली. तिच्या अंत्यविधीचा खर्च भागवायला त्यानं आठवडाभराच्या संध्याकाळींत ‘रासेलस’ लिहून काढली. चिपळूणकरांनी मराठीत आणली ती हीच.

दिवस फिरले 1762 मध्ये. राजानं वर्षाला 300 पौंडांची पेन्शन दिली. आता अडचण अशी की आपल्याच डिक्शनरीत त्यानं ‘पेन्शन’ म्हणजे सरकारला विकल्या गेलेल्या माणसाचा मोबदला, अशा अर्थाची खोचक व्याख्या देऊन ठेवली होती. विरोधकांनी ती बरोबर शोधून काढली. शब्द क्रमानं लावलेले होतेच, सापडायला किती वेळ लागतो! जॉन्सननं पेन्शन घेतली आणि व्याख्याही तशीच ठेवली.

1773 मध्ये चौथी आवृत्ती निघाली. तिच्यासाठी त्यानं पुष्कळ दुरुस्त्या केल्या. मोडीत काढलेल्या जुन्या वह्यांमधला मजकूरही त्यात कामाला आला, म्हणजे त्यानं ते कागद वीस-बावीस वर्षं जपून ठेवले होते. ‘आय’ आणि ‘जे’ मात्र एकत्रच राहिले. ते वेगवेगळे लावायची रीत इंग्रजी डिक्शनऱ्यांत रुळली ती पुढच्या, एकोणिसाव्या शतकात.

13 डिसेंबर 1784 ला जॉन्सन गेला. त्याला वेस्टमिन्स्टर ॲबेमध्ये पुरलं. त्याच्या मालमत्तेचा मोठा वाटा फ्रान्सिस बार्बर याला मिळाला. बार्बर जमैकात गुलाम म्हणून जन्मलेला, बायको गेली त्याच वर्षी लहान पोर असताना जॉन्सनच्या घरी आलेला. जॉन्सननं त्याला शाळेत घातलं, शिकवलं आणि मृत्युपत्रात आपला मुख्य वारस केलं. लंडनमधल्या अनेक प्रतिष्ठितांना तेव्हा ते रुचलं नाही.

गॉफ स्क्वेअरमधलं ते घर अजून उभं आहे. आता तिथं संग्रहालय आहे आणि सहा कारकून जिथं बसायचे तो माळाही जिने चढून जाऊन बघता येतो.